पडदा उन्हात नेला

कळवा, १६ डिसेंबर १९९७

धुक्यात रेतीची बार्ज अंगावर येता येता वाचलो, तेव्हापासून दादाचं एकच, "शिडाची होडी विकून टाक." नाही विकणार! आज नौपाड्यात रडार बघायला गेलो. सेल्समन मालकाला हळूच म्हणाला, "काकांना नकाशावालंच देऊ, महागातलं. त्यांना काय कळतंय?" माझे कान अजून तिखट आहेत, बाळा. हसत हसत ते यंत्र वायरीसकट बाहेर उन्हात नेलं. पडद्यावर माझंच तोंड! छोटं रडार मात्र उन्हातही दिसलं, ओल्या हातानं बटणंही चालली. तेच घेतलं. नकाशा कशाला? खाडीतला गाळ मला पाठ आहे, बार्ज कुठून येईल ते नाही. विकून टाक म्हणे! रविवारी होडीत दादालाच पुढे बसवतो.