चिठ्ठी क्रमांक चार

३ जुलै
संकल्प : आजपासून शाळेत सगळ्यांना विचारूनच निर्णय. आमच्या हिने शाळा काढली तेव्हा ती शिपायालासुद्धा विचारायची. ती गेल्यापासून अध्यक्ष मी. सातवी पास असलो तरी माणसं ओळखतो. पहिला विषय : शिक्षकांची खोली पाहुण्यांसाठी घ्यावी का? शिक्षक प्रयोगशाळेत बसतील. पेंटरला पाटी सांगून ठेवली. ऐनवेळी धावपळ नको.

५ जुलै
मीटिंग. म्हटलं, मोकळेपणानं बोला, अजून काहीच ठरलेलं नाही. सूनबाई आमच्याच शाळेत गणित शिकवते, ती बोलायला उठली. तेवढ्यात पेंटर दारात. ‘साहेब, पाहुणे कक्षाची पाटी आतून ठोकू की बाहेरून?’ सगळे हसले. मीही हसलो. वातावरण हलकं झालं. सूनबाई मात्र खाली बसली. तिचं बोलणं राहूनच गेलं.

६ जुलै
जेवताना विचारलं, काय म्हणतात शिक्षक? सूनबाई म्हणाली, ‘बाबा, मीठ हवंय का?’
मीठ बरोबर होतं.

९ जुलै
खोली हलवली. प्रयोगशाळेत डोकावलो की सगळे एकदम गप्प. याला आदर म्हणतात. मुलगा म्हणाला, ‘बाबा, आदर नाही. सावध झालेत ते.’ तो औषधं विकतो. त्याला शाळेतलं काय कळणार?

१२ जुलै
सूचनापेटी बसवली. विश्वास वाढावा म्हणून चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कुणाचा नंबर कोणता, ते माझ्या वहीत. किल्लीही माझ्याकडेच. शिपाई म्हणाला, ‘मग साहेब, नावानंच काय घोडं मारलंय?’
अडाणी.

१६ जुलै
पेटी उघडली. सात चिठ्ठ्या, नंबर सोडून सातही कोऱ्या. नंबराप्रमाणे लावून ठेवल्या. कुणाची काही तक्रार नाही.

१९ जुलै
ठरवलं. खोली परत द्यायची! कुणाला न सांगता पाटी काढली, टेबलं पुसून घेतली. खूश होतील. दिवसभर दारात उभा राहिलो. कुणी आलं नाही. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, ‘राहू द्या सर. पुन्हा कधी उठवाल सांगता येत नाही. इथं बरं आहे.’
गुडघे दुखले.

२४ जुलै
पेटीत एकच चिठ्ठी. क्रमांक चार. ‘पुढच्या महिन्यापासून मी दुसऱ्या शाळेत जात आहे. निर्णय झालेला आहे. तरी आपलं मत कळवावं.’
चार नंबर कुणाचा ते माहीत होतं. तरी वही काढून बघितलं.
संध्याकाळी सूनबाईने चहा दिला. ‘साखर ठीक आहे ना, बाबा?’ म्हटलं, ठीक आहे.

२५ जुलै
मत लिहिलं : ‘जाऊ नकोस. तू उभी राहिलीस तेव्हा ऐकायला हवं होतं.’ चार वेळा वाचलं. शाळेत जाऊन पेटीत टाकलं.
घरी आल्यावर आठवलं, पेटी मीच उघडतो.