सहा फुटी टाकी आणि कूलरचा पंप

६ ऑक्टोबर २००७
हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही! पेंटचा रिकामा ड्रम, पाइप, गिट्टी, रेती, कोळसा. ह्यांना माशांच्या मोठ्या टाकीसाठी घरीच फिल्टर बनवायचाय. करिष्मा लग्न होऊन अंबाडीला गेली, तिचे अकरा गोल्डफिश आमच्याकडे. दोन मेले घाण पाण्याने. "दिवाळीला पोरगी आली का काय दाखवू तिला?" हे म्हणतात. घरामागचे कापडाचे लूम विकल्यापासून ह्यांना कशाची तरी घाई झालेली पहिल्यांदाच बघतेय. झाडू ठेवून दिला.

८ ऑक्टोबर
पंप म्हणून कूलरचा पंप काढला. उन्हाळ्यात काय करायचं ते विचारायचं नाही.

९ ऑक्टोबर
फिल्टर सुरू. गाळण म्हणून ह्यांनी ड्रमात लूमचं वेस्टेज सूत कोंबलं. मी म्हटलं, नको. "तीस वर्षं सूत बघतोय, मला नको शिकवू." दोन तासांत टाकी ताकासारखी पांढरी! सुताला कांजी असते, हे तीस वर्षं सूत बघणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. दोघांनी बादल्या वाहिल्या, कंबर गेली. एक मेला. हे जेवले नाहीत. जीव तुटला माझा — आणि हसूही आलं.

१२ ऑक्टोबर
जुन्या सोफ्याचा फोम कापून भरला. पाणी नितळ. शेजारच्या राहीबाई म्हणाल्या, "केसरीनाथ, आमच्या विहिरीला पन बसव रे." हे दिवसभर अभिमानाने फुगून होते.

१७ ऑक्टोबर
लोडशेडिंगनंतर वीज आली तरी पंप अडकून राहतो, टपली मारावी लागते. पाइपचं तोंड पाण्याखाली, त्यामुळे बघून कळत नाही. ऐकावं लागतं. ह्यांचे कान तर लूमच्या खडखडाटात कधीच गेले. आज टाकीसमोर बसून होते तरी पत्ता नाही. मी चुलीकडून ओरडले तेव्हा उठले. आणखी तासाभरात आठही गेले असते.
"तू हायस म्हणून जगले," म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली, असं कधी बोलले नव्हते.

२४ ऑक्टोबर
वीज आली की हाक — "चंद्रा, चालू हाय का?" मी सांगते. दिवसातून चार वेळा. कंटाळा येत नाही, खरंच.

३ नोव्हेंबर
आठही धडधाकट.

१० नोव्हेंबर
करिष्मा आली. चप्पल न काढताच टाकीकडे. "पप्पा, दुकानात पन असा न्हाय मिळत!" हे लाजले.

११ नोव्हेंबर
दुपारी मी करंज्या डब्यात भरत होते. करिष्माने मागून खांद्याला हात लावला, दचकलेच. म्हणाली, "आई, पंप कवाचा बंद हाय. तीन हाका मारल्या मी तुला."
त्या लूमच्या खडखडाटात बसून मीही बावीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या.
मासे वाचले. ह्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी वीज आली, ह्यांनी विचारलं. मी करिष्माकडे बघितलं. तिने मान डोलावली, तेव्हा मी हो म्हटलं.
परवा ती अंबाडीला जाणार.