मुक्ताबाईला सांगायचं ते

॥ श्री ॥
नगर, ३ मार्च २०२५

चि. नृसिंहास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू येत्या ईस्टरला बाप्तिस्मा घेणार, हे सख्ख्या बहिणीला शेजारच्या रंगुबाईकडून कळावं? सात पिढ्या आपण लोकांच्या घरी पूजा सांगितल्या. तुला तिथे कुणी काय देऊ केलं? शाळेतली नोकरी पक्की आहे. तुझी बायको गेल्यापासून जेवण डब्याचं, म्हणजे चर्चमधल्या केकला भुललास असं समजू का?

चेष्टा पुरे. माझ्या मैत्रेयीचं लग्न मे महिन्यात, आणि व्याही पक्के कर्मठ. फोन केला असता, पण घरात सारखी माणसं. लग्नापर्यंत तरी थांब रे.

तुझी काळजी करणारी,
इंदूताई

जामखेड, ११ मार्च २०२५

ती. सौ. इंदूताईस सा. न. वि. वि.

केक वर्षातून एकदा मिळतो, तोही कोरडा. कुणी काही दिलेलं नाही. चर्चच्या पाळकांनी तर मला दोनदा परत पाठवलं, नीट विचार करून या म्हणाले. मला वाटायचं, धर्म बदलणं म्हणजे देव्हारा बदलणं. ते म्हणतात, माणसाला आपलं पाप आपल्या हातांनी धुता येत नाही, म्हणून ख्रिस्ताने ते स्वतःवर घेतलं. क्षमा फुकट आहे. पण आधी कबूल करायचं, आणि ज्याचं वाईट केलं त्याच्या दारी जायचं.

कशाबद्दल लिहितो आहे ते तुला कळलं असेल. अकरा वर्षांपूर्वी खर्ड्याच्या रस्त्यावर मुक्ताबाईचा मुलगा भीमा आपल्या गाडीखाली आला. आपण थांबलो नाही. दोन दिवसांनी तो गेला. मग कोपरगावला गोदावरीकाठी शांती केली, आणि संकल्पात कारण सांगितलं वास्तुदोषाचं. भटजींची पोरं आपण, देवालाच खोटं कारण सांगून आलो. तेव्हापासून माझी कुठलीच पूजा मला खरी वाटली नाही.

मुक्ताबाई ऊसतोडीवरून एप्रिलात परतेल. तिला मी सांगणार आहे. माझ्यापुरतंच.

रागावलीस तरी माया ठेव.
तुझा नृसिंह

॥ श्री ॥
नगर, २८ मार्च २०२५

चि. नृसिंहास आशीर्वाद.

माझ्यापुरतंच म्हणजे काय? गाडी मी चालवत होते. लायसन्स नव्हतं, तू शेजारी बसून शिकवत होतास. तू तोंड उघडलंस की पुढचा प्रश्न माझ्याच दारात येणार.

तुझ्या ख्रिस्ताने न केलेली पापं स्वतःवर घेतली ना? मग तूही घे. गाडी तूच चालवत होतास असं सांग. तुला ना पोर ना बाळ. लिहिताना लाज वाटली, तरी लिहिते, कारण मला मुलगी आहे. भीमाचा चेहरा मलाही दिसतो रे, रोज दिसतो. हे पत्र फाडून टाक.

हात जोडून,
ताई

जामखेड, १६ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस सा. न.

तुझं नाव न घेता तुझा प्रश्न मी पाळकांना विचारला. ते म्हणाले की दुसऱ्याची शिक्षा अंगावर घेता येते, पण ख्रिस्ताने आपली पापं घेतली तेव्हा ती कुणाची होती हे लपवलं नाही.

तरीही तुझंच ऐकायचं ठरवून काल गेलो. मुक्ताबाईने बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, “गाडी कोन चालवत हुतं?” मी चालवत होतो, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं बोलवेना. शेवटी तुझं नाव सांगितलं. ताई, मला माफ कर. रविवारी माझा बाप्तिस्मा आहे, आणि मला अजिबात हलकं वाटत नाही.

पोलिसांत जायचं का, हे ती तुला भेटल्यावर ठरवणार आहे. “तिच्याच तोंडून ऐकायचंय मला,” म्हणाली. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाली. दोन पुतणे बरोबर घेऊन ती सकाळच्या एसटीने निघते आहे. हे पत्र टपालात टाकत नाही. तिच्याच हाती देतो आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून सगळं वाचून दाखवलं आहे.

तिला दारात उभी ठेवू नकोस. तुझ्या मायेवर माझा हक्क उरला नसेल, तरी मागतो.

तुझा,
नृसिंह