पियानो बंद केला तरी

पिनर, शनिवार संध्याकाळ

काका मुद्दाम बोलत नाहीत की त्यांना ऐकूच येत नाही? काकूचं मत ठरलेलं आहे. "हाका मारून मारून घसा बसला माझा, साधं हूं नाही. उद्या मी मेडनहेडला ताईकडे चालले." बॅग भरून दारात ठेवलीय.

मला संशय आहे तो काकांच्या नव्या छंदाचा. बातम्या बंद, क्रिकेट बंद. रिटायर्ड डॉक्टर रोज अमेरिकेतले जुने काउबॉयचे मूकपट बघतात! आज मीही शेजारी बसलो. घोडा काय पळत होता... आपणही शिकावं का घोड्यावर बसायला? असो. पिस्तुलं झाडतात पण आवाज नाही, मागे नुसता पियानो. काकांची बोटं सोफ्यावर ठेका धरत होती.

मी गुपचूप रिमोटनं आवाज बंद केला. बोटं चालूच.

त्यांच्या तोंडासमोर येऊन विचारलं, "काका, पियानो मस्त वाजतोय ना?"

"सुरेख! आता असं कोण वाजवतं?"

तेवढ्यात त्यांना माझ्या हातातला रिमोट दिसला. बोटं थांबली.

"काकूला सांगू नकोस रे," ते कुजबुजायला गेले, पण आवाज एवढा मोठा निघाला की किचनमधली भांड्यांची खणखण थांबली.

काकू बाहेर आली. तिनं बॅग उचलली आणि धडधडत जिना चढून वर ठेवायला गेली.

काकांनी मान वळवली नाही. ते घोडा बघत होते.