शिवणीतली माया

ती. ताईस धाकटीचा नमस्कार, आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यास वेगळा.

भावोजींचा खोकला कसा आहे? (औषध घेत नाहीत हे ठाऊक आहे; विचारायची रीत म्हणून विचारलं.) मी ठणठणीत, म्हणजे मशीनचं पायडल मारता येतं एवढी.

माझ्या लेकीने तुला सांगितलं असेलच, तुम्ही दोघी एकाच गावात राहता. तरी माझ्या तोंडून ऐक. तिच्या ऑफिसातल्या कार्यक्रमात तिने 'यहुदी आई' नावाचं नाटुकलं बसवलं आणि पोशाख शिवायचं काम मला दिलं. पोटावर कापूस, कमरेला एप्रन, हातात वाढायचा डाव. बाई कशी, तर सारखी वाढत राहणारी, सगळ्यांत नाक खुपसणारी, आणि "नाही केलास फोन ते बरंच झालं, मी काय, नुसती दाराकडे बघत बसले होते" असं म्हणणारी. मी विचारलं, ही कोणावरून गं? म्हणाली, "कोणावरून नाही आई, आपल्या यहुदी बायका सगळ्या अशाच." फोनचं वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द! माझं डोकंच फिरलं. रागाच्या भरात कापड बेतलं आणि शिवणीत माया ठेवली नाही. (तू जन्मात बटण लावलं नाहीस म्हणून सांगते: पुढे उसवून कपडा वाढवता यावा म्हणून आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात.) व्हायचं तेच झालं. पहिल्याच उसाशाला पोशाखाची पाठ टर्रकन फाटली आणि कापूस पुढे बसलेल्या साहेबांच्या मांडीवर. लोक पोट धरधरून हसले म्हणे. लेक म्हणाली, मुद्दाम केलंस. मी नाही म्हटलं, पण मला खोटं कुठे बोलता येतं. आठ आठवडे झाले, फोन नाही.

मग ठरवलं, आपल्या बायका अशा नसतात हे शास्त्रातूनच सिद्ध करायचं. प्रार्थनामंदिरात शास्त्र वाचून दाखवणाऱ्या वाचकांना गाठलं. ते छपराची गळती बघायला शिडीवर चढले होते, त्यामुळे पळता येईना (शिडी मी धरली होती). पण ताई, पुरावा माझ्यावरच उलटला. शास्त्रातल्या एकीने धाकट्या लेकाच्या हातांना बकरीचं कातडं बांधून आंधळ्या बापापुढे केसाळ थोरला म्हणून आशीर्वादाला उभं केलं. म्हणजे नाक खुपसणं आलंच, वर पोशाखही आला. एक नव्वदीत मूल होणार हे ऐकून तंबूआड हसली आणि पकडल्यावर "मी नाही हसले" म्हणाली (ही मला फार जवळची वाटली). एक खजुराच्या झाडाखाली बसून निवाडे करायची. सेनापती म्हणे, बाई, तू येत असशील तरच लढाईला जातो. आणि एकीने दमून आलेल्या शत्रूला दूध पाजलं, पांघरूण घातलं, तो घोरायला लागल्यावर तंबूची मेख त्याच्या कानशिलात ठोकली. पांघरुणापर्यंत ती नाटुकल्यात बसते, पुढे बसत नाही. थट्टा करणारे वाढणारा हात तेवढा घेतात, मेख धरणारा सोडून देतात. लेकीची बाई खोटी नव्हती गं, अर्धीच बेतली होती. मीही तिला माझी तेवढीच बाजू दाखवली असेल.

शेवटी वाचक म्हणाले, अजून एक आहे. तिने मूल व्हावं म्हणून नुसते ओठ हलवत अशी प्रार्थना केली की पुजाऱ्याला ती दारू प्यायलेली वाटली. मुलगा झाला, अंगावरचं दूध तुटल्यावर त्याला मंदिराच्या सेवेला देऊन आली, आणि दरवर्षी एक छोटा झगा शिवून नेऊ लागली. वाचक पुढे सांगत गेले, मी तिथेच अडकले. वर्षभर न पाहिलेल्या पोराचं माप तिने कुठून घेतलं असेल? शेजारच्या पोराच्या खांद्यावरून? आणि माया किती सोडली असेल? मला रडू फुटलं. शिडी हलली आणि वाचक ओरडले, ते वेगळं.

तर सोबत लेकीसाठी कोट पाठवते आहे. आत चांगली दोन बोटं माया आहे. तिच्या हातात दे, काही बोलू नकोस. तिच्या भानगडीत आता मी पडणार नाही, हे पक्कं.

तुझी,
धाकटी

ता. क. पार्सलात खाण्याचा डबाही आहे. भूक नाही म्हणाली तरी तुझ्यासमोर उघडायला लाव.

आणखी ता. क. कोट अंदाजाने बेतलाय. ती वाळली की भरली, मला कोण सांगणार? आली की जवळ घे आणि पाठीमागून वितीने खांद्याचं माप घेऊन कळव. तिला कळू देऊ नकोस.

शेवटचा ता. क. कळलं तर कळू दे. माप राहिलं तरी चालेल, पण जरा जास्त वेळ धरून ठेव.