मौनीबाबाचा ओटा

नागपूर
१८ मार्च १९७९

प्रिय दादा,

कुहीला पळून जाऊन काय साधलंस? इकडे कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत तुझ्या खोलीसमोर ओटा बांधून झाला, चुनाही मारला. आता फक्त पाटी लागायची आहे: श्री मौनीबाबा. जन्मभर देव नाकारणाऱ्या माणसालाच देव करायला निघालेत!

सगळा घात तुझ्या शेजारणीच्या, इंदूबाईच्या पोराच्या तापाने केला. तू त्याच्या कपाळाला हात लावलास आणि कोळशाने भिंतीवर लिहिलंस, 'आत्ताच रामदासपेठेत डॉक्टरकडे न्या.' त्यांनी नेलं, पोर बरं झालं. श्रेय मात्र तुझ्या हाताला. मी तिला समजावलं की दादा जन्माचा मुका आहे, व्रतबित काही नाही. ती म्हणाली, "मुके असते तं एवढे शांत राहिले असते काय वं ताई?" सभा गाजवणाऱ्या तुझ्या बहिणीला तिने चहा पाजून परत पाठवलं.

तू आणि शांत! पुडीच्या कागदांवरून अक्षरं शिकलास, रद्दीतली पुस्तकं वाचलीस, आणि मी शाळेतून आणलेल्या प्रत्येक उत्तराखाली 'काहून?' लिहून मला रडवलंस. छप्पन साली सगळं मैदान प्रतिज्ञा म्हणत होतं. तुझे ओठ हलेनात, तेव्हा शेजारचे नत्थूजी म्हणाले, "याची दीक्षा झाली का गा?" तू मातीत बोटाने लिहिलंस, 'म्हटली नाही. घेतली.' मी पंधरा वर्षांची होते. आजही व्यासपीठावर पाय डगमगले की मी त्याच वाक्यावर उभी राहते.

काल वसाहतीत जाऊन आले. तुझ्या त्या भिंतीवर हार आहे, कुंकू आहे. 'डॉक्टरकडे' हा शब्द कुंकवाखाली बुजला. तेव्हापासून डोकं तडकलंय माझं.

येत्या रविवारी ओट्याचं उद्घाटन. वसाहतीतला रुपराव निमंत्रण घेऊन आला, म्हणाला, बाबांच्या मौनाचा अर्थ बहिणीनेच सांगावा. मी हो म्हटलं. घरात सगळे माझ्यावर चिडलेत. पण मी भाषण करणार नाही, दादा. त्यासाठीच हे पत्र. तू ये. त्या पांढऱ्याशुभ्र ओट्यावर तुला हवं ते लिही. मी मोठ्याने वाचेन, माझा एक शब्द मिसळणार नाही. शिवी लिहिलीस तर शिवी वाचेन. दगड आले तर दोघांनाही लागतील. सकाळची बस पकड. कोळसा आणू नकोस, कोराडीत तो पुष्कळ आहे.

तुझीच धाकटी,
शामला