डोळ्यांची आखणी

पेण,
भाद्रपद, १९८६

प्रिय सरू,

तुझं पत्र काल दुपारी आलं. चुलीपुढे बसूनच फोडलं, आणि भात करपला. आमचे हे पहिल्या पाळीवरून आले, वास घेतला आणि म्हणाले, आज कोणाचं लगीन लावत होतीस? माझ्या प्रेमकथांची या घरात एवढीच किंमत. एरवी मी दोन शब्द सुनावले असते, काल नुसतं करपलेलं पातेलं घासायला घेतलं.

गौरी गेल्या तरी तुमचा गणपती अजून मखरातच आहे, सासूबाई त्याला हात लावू देत नाहीत, हे वाचून काटा आला गो अंगावर. कान्हू घरी आलाय, त्याला पाण्यात नाय सोडायचा, म्हणतात. अकरा वर्षं झाली तुझा नवरा धरमतरच्या धक्क्यावरून नाहीसा होऊन, आणि धोंडुबाई देवापुढे लेकाच्या आवडीचं सुक्या बोंबलाचं कालवण वाढतायत. गणपतीपुढे बोंबील! एरवी आपण दोघी हसून लोळलो असतो. पण तू लिहिलंयस, निरांजन ओवाळताना त्याचा डावा डोळा कान्हूसारखाच अर्धा मिटतो, आणि त्या डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आत बारीकसा तीळ आहे. तो तीळ तुलासुद्धा लग्नानंतर महिन्याने दिसला होता. मग सगुणा, तुला कसा ठाऊक, एवढंच तू विचारलंस. बाकी एक अक्षर वाकडं नाही. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

सांगते. पण आधी कारखान्यातलं ऐक. हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यात मी पंधरा वर्षं आखणी करते. मूर्ती रंगून झाली की शेवटी डोळे काढायचे, तेही श्वास रोखून. दुपारी बाकीच्या बाया जेवून पाठ टेकतात तेव्हा मी मुलीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर गोष्टी लिहिते. घरी लिहायला बसलं तर वरण उतू जातं, सासरे औषधासाठी हाका मारतात, नायिका बिचारी झाडाखाली चार-चार दिवस उभी. सगळ्या गोष्टी साभार परत. गेल्या वर्षी एका संपादकांनी लिहिलं, बाई, तुमचा नायक दिसतच नाही. असा राग आला मेल्याचा! जगाच्या देवांना डोळे देणारी मी. पण खरं होतं ते. ज्याला बघून लिहीत होते त्याचे डोळे मी मुद्दाम झाकून ठेवत होते. चैत्रात एकदाचं मन घट्ट केलं आणि ते डोळे लिहिले, तिळासकट. गोष्ट लगेच स्वीकारली, दिवाळी अंकात येतेय.

आणि आषाढात एका मूर्तीला तेच डोळे उतरले. ओल्या फडक्याने पुसले, पुन्हा काढले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर मी नुसते गोल ठिपके देऊन घरी गेले. सकाळी येऊन बघते तर डोळे पुरे झालेले, तीळही जागच्या जागी. हैबतराव खूश, म्हणाले, सगुणाबाई, हा तर बोलेल आता. मी मूर्तीवर गोणपाट टाकलं, ही माती परत भिजत घाला म्हणून सांगितलं. तीच मूर्ती रोह्याला तुमच्या घरी गेल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. आज सकाळी मी हैबतरावांशी भांडायला गेले. ते म्हणाले, पाटाखाली गिऱ्हाईकाच्या नावाची चिठ्ठी होती, म्हणून रोह्याच्या टेम्पोत चढवली. चिठ्ठी त्यांनी काढून दाखवली. नाव तुमच्या घरचं, आणि अक्षर माझं आहे, सरू. मी ती लिहिलेली नाही. देवाशपथ नाही.

आता तुझं उत्तर. कान्हू धरमतरच्या कामावरून रोह्याला येताना पेणेत आमच्याकडे चहाला थांबायचा, तुझी खुशाली सांगायचा. माझ्या गोष्टी ऐकून घेणारा तो पहिला माणूस. ऐकताना डावा डोळा अर्धा मिटून हसायचा. मला तेवढंच पुरत होतं, असं मी स्वतःला सांगायची. पुरत नव्हतं. ती पापणी मी बोटाने उघडून पाहिली आहे. त्या दिवशी त्याला सुट्टी असताना तो धक्क्यावर का गेला, हे तू गावभर विचारत फिरलीस, मलाही विचारलंस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मी नाय माहीत म्हटलं. तो माझी वाट बघत होता. भरती ओसरेपर्यंत थांबतो, बोटीने मुंबईला जाऊ, म्हणाला होता. मी लुगडी बांधली. मग ह्यांचा दुसऱ्या पाळीचा डबा भरायचा होता, मुलीला ताप होता, आणि मला तुझं तोंड आठवलं. बोचकं सोडलं. नाही येत, एवढा निरोपसुद्धा मी पाठवला नाही. सकाळी लोकांना त्याच्या नुसत्या वहाणा सापडल्या.

चतुर्दशीला पाच दिवस आहेत. आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने मी येते. धोंडुबाईंना मीच सांगेन की हे डोळे माझ्या हातातून आलेत, कान्हू आलेला नाही, आणि मूर्ती कुंडलिकेच्या पात्रात मीच सोडेन. त्यानंतर तू दार लावून घेतलंस तरी चालेल. मात्र अंक येईल तेव्हा दुसऱ्या कोणाकडून कळायला नको, म्हणून आत्ताच सांगते. त्या गोष्टीतली बाई धक्क्यावर वेळेत पोचते. तेवढं एक मी खोटं लिहिलंय.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
सगुणा